सोमवतीची हाक

"कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, काकू. आम्ही इथे नाहीच असं समजायचं."

ऋजुताताईंचा तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात जसाच्या तसा आहे. गोड, समजुतीचा, आजाऱ्याला औषध पाजताना लावावा तसा. मी अंगणात तुळशीपुढे तांब्या घेऊन उभी होते. समोर ऋजुताताई, त्यांच्या मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेले तपनदा. एक गृहस्थ लांब काठीच्या टोकाला मांजरासारखं केसाळ काहीतरी बांधून ते माझ्या डोक्यावर धरून होते, आणि एक मुलगी चंदेरी तबकडीने सूर्य उचलून माझ्या तोंडावर पाडत होती. एवढी माणसं अंगणात, त्यातल्या दोघांचे बूट माझ्या रांगोळीवर, आणि ती तिथे नाहीत असं मी समजायचं.

मी समजले. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले.

"सुंदर! आता एकदा परत. थोडं सावकाश."

परत घातलं. मग ढग आला म्हणून परत. मग शेजारच्या मथुरेची कोंबडी मध्येच ओरडली म्हणून परत. एका सकाळी तुळशीला एवढं पाणी माझ्या हातून कधी पडलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिची क्षमा मागत होते.

ऋजुताताई जवळ आल्या. "काकू, आत्ता तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते फार खोल होतं. मनात काय चाललं होतं?"

"दूध गॅसवर आहे," मी म्हटलं.

कुंपणापलीकडे मथुरा फस्सकन हसली. तेही परत करावं लागलं.

आमच्या पाणखार गावावर ऋजुताताई माहितीपट करत होत्या. गाव खाडीला लागून. गावाचं निम्मं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, म्हणजे समुद्र डोक्याशी आणि भात पायाशी. मध्ये काय, तर आमच्या पूर्वजांनी चिखल आणि दगड रचून घातलेला बांध. बांधावर मधोमध खारजाईचं ठाणं. तिला खाडीच्या बाजूने तीन पायऱ्या. उधाणाचं पाणी दुसऱ्या पायरीला शिवतं आणि देवीच्या पाया पडून माघारी जातं, असं लहानपणापासून सगळ्यांना पाठ. खारजाईला रोज सकाळी गावातल्या विहिरीचं एक कळशी गोडं पाणी घालायचं, तोवर तोंडात काही घ्यायचं नाही, हा माझा नेम. माझे यजमान गेल्यापासून धरलेला. त्यांच्यामागे एक नेम राहिला आणि दीड एकराचं एक शेत. लेक सासरी सुखात होती. माझं पोट त्या शेतावर, आणि देवाला वर्षभर दाखवायचा तो भातही त्यातलाच.

हे शेत बांधाला अगदी चिकटून. बांधात खाऱ्या पाण्याने जागा केली, म्हणजे आमच्या बोलीत खांड गेली, की पहिलं पाणी माझ्या भातात. आणि खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं, तर पुढची तीन वर्षं तिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं.

त्या श्रावणात खांड गेलीच होती. पण गावाची रीतही होती. खांड पहिल्यांदा ज्याच्या नजरेला पडेल त्याने हाक द्यायची, "बांध गेला होऽ!" आणि ती कानावर आली की हातातलं काम आहे तिथे टाकून घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. जेवणारा ताटावरून उठतो. भांडणारे भांडण अर्धं ठेवून जातात आणि चिखल देता-घेता पुरं करतात. अशी हाक गेली आणि खांड दोन तासांत बुजली. माझ्या भाताला पाणी लागलंसुद्धा नाही.

आणि मग त्या मंडळींनी गावात पाऊल ठेवलं.

रविवारी दुपारी शाळेत त्यांनी गावसंवाद ठेवला. फळ्यावर कापडी फलक लावला : 'चला, बोलूया! हवामान बदल आणि आपली तग'. सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या. 'हवामान बदल म्हणजे तुमच्यासाठी काय?' हे एका शब्दात लिहायचं होतं. लोकांनी लिहिलं. डास. एसटी. नवरा. हा शेवटचा मथुरेचा.

"सांगा ना ताई, जरा उलगडून," ऋजुताताई म्हणाल्या.

"कंदी तापंल, कंदी बरसंल, नेम नाय," मथुरा म्हणाली. ऋजुताताईंनी ते खरोखर वहीत लिहून घेतलं.

मग सगळ्यांना गोलात उभं केलं आणि लोकरीचा एक लाल गुंडा आणला. ज्याच्या हातात गुंडा त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग आपला धागा धरून ठेवून गुंडा दुसऱ्याकडे टाकायचा. म्हणजे शेवटी गावाचं जाळं दिसेल. जाळं आमच्याकडे घरोघर आहे, पण पाहुण्यांचा मान म्हणून सगळे उभे राहिले.

"आता मला सांगा," ऋजुताताई म्हणाल्या, "बांध फुटतो तेव्हा तुम्ही काय करता?"

गुंडा कोणाकडे आहे हे न पाहता सगळे एकदम बोलले, "बांधतो!"

ऋजुताताईंचे डोळे चमकले. "हेच! हीच ती तग! हेच मला दाखवायचंय. कुठे फुटलाय?"

"फुटला व्हता. बांधला."

"कधी?"

"परवाच्याला."

त्यांचा चेहरा असा उतरला की बघवेना. "अरेरे," त्या म्हणाल्या. बांध वेळेवर बांधल्याबद्दल गावाचं सांत्वन केल्यासारखं वाटलं. "हा चित्रपट दिल्लीत दाखवणार आहेत हो. परदेशातही. बांधांसाठी मदत देणारे सगळे लोक असतील तिथे. त्यांना नुसतं सांगून नाही कळत, दिसावं लागतं."

आमचे सरपंच हसुराम घरत, नात्याने माझे चुलत दीर. मनाने वाईट नाहीत. पण पाहुणा रिकाम्या हाताने परत चालला की त्यांना राहवत नाही, आणि दगडी बांधासाठी तालुक्याला खेटे घालून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. ते पुढे झाले. गुंडा हातात नव्हता, पण सरपंचांना कोण विचारणार.

"त्यात काय? फोडू की परत!"

आधी सगळे हसले. मग हसणं थांबलं, आणि कोणी "नाही" म्हणेना. कोणीतरी म्हणालं, उद्या सकाळी ओहोटी आहेच, सहाला फोडायचा, नऊच्या आत बांधून मोकळं. दुसरा म्हणाला, माती अजून ओलीच आहे, लोण्यासारखी निघेल. तिसरा म्हणाला, मी नवा शर्ट घालून येऊ का?

"तिथं माझं शेत आहे," मी म्हटलं.

माझा आवाज मुळात लहान. देवाशी बोलायला पुरतो, माणसांना पुरत नाही. पण ऋजुताताईंचं लक्ष गेलं. "थांबा! काकूंना काही बोलायचंय. त्यांच्याकडे गुंडा द्या."

गुंडा पलीकडच्या टोकाला होता. त्याने तो फेकला, तो मथुरेच्या नथीत अडकला, सोडवताना धागा चार जणांच्या पायांत गेला. आठ-दहा हात त्या लोकरीला लागले. गुंडा माझ्यापर्यंत आला तेव्हा बांध कोणी फोडायचा, पोहे कोणाकडे करायचे, हे सगळं ठरून लोक उठायला लागले होते. मी तो गुंडा नीट गुंडाळून टेबलावर ठेवला.

संध्याकाळी हसुभावोजी पडवीत येऊन बसले. मी वाती वळत होते.

"वैनी, रागावलीस?"

"भावोजी, श्रावणातली अमावस्या आहे उद्या. उधाण मोठं असणार."

"भरती दुपारला. आपन नऊला बांधून घरी." त्यांनी बोटांवर तिथीची पाऊणपट मोजून दाखवली. आमच्याकडे भरतीची वेळ अशीच काढतात आणि ती चुकत नाही. "पानी देवीच्या दुसऱ्या पायरीच्या वर कंदी आलाय का? तू रोज जातस, तूच सांग."

नव्हतं आलं. मी मान हलवली.

"दगडी बांध झाला तर पैला फायदा कोनाला? तुला. माझा काय, माझा शेत वरच्या अंगाला." मग आवाज उतरवून म्हणाले, "खारजाईची आन. नऊच्या आत तुझ्या शेतासमोरचा बांध पुरा करून देतो. नाय दिला, तर तुझ्या शेतातला मीठ मी काढीन. एकट्यानं. माझ्या हातानं."

"देवीची शपथ घेऊन ठेवलीत, भावोजी. आणि उद्या सोमवती आहे. दिवे लागेपर्यंत माझं मौन."

"ता तर बराच झाला," ते हसत उठले. "शूटिंगला शांतता लागतेच."

पहाटे स्नान करून मी पिंपळाच्या प्रदक्षिणा घातल्या, विहिरीचं पाणी भरून कळशी कडेवर घेतली आणि बांधावर गेले. उजाडत होतं. खाडी लांब आत गेली होती, नुसता चिखल चकाकत होता. खारजाईला पाणी घालून, आता दोन घोट स्वतः घ्यावेत म्हणून वळले, तर माझ्या शेतासमोर जत्रा.

हसुभावोजी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पहिलं फावडं मारत होते. पुरुषांनी तीन दिवसांपूर्वी जिवापाड ठोकून बसवलेला चिखल आज तितक्याच जिवापाड उपसायला घेतला होता. तपनदा वाकून वाकून ते टिपत होते.

"हे कशाला घेताय?" कोणीतरी विचारलं.

"असू दे, नुसतं नोंदीसाठी," ऋजुताताई म्हणाल्या. "हे नाही वापरायचं."

बैलगाडी जाईल एवढी खांड पाडून झाली. पलीकडे माझा भात गुडघाभर उभा होता, वाऱ्याने डुलत. तोही चित्रात छान दिसतो असं त्या म्हणाल्या.

"आता बांधू या?" एकाने विचारलं.

"एक मिनिट. आधी सरपंचांचं मनोगत घेऊ. मागे खांड दिसली पाहिजे."

सरपंचांना मनोगत विचारणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हसुभावोजी पूर्वजांपासून सुरू झाले. पूर्वज बांध घालेपर्यंतच ऊन बांधावर चढलं. मध्येच विमानासारखं एक खेळणं वर उडवलं, त्याच्या आवाजाने हसुभावोजींना तेच मनोगत परत द्यावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी त्यांना आणखी पूर्वज आठवले. मग बायकांची रांग. मग मथुरेच्या साडीचा रंग फार भडक म्हणून ती घरी जाऊन जुनी नेसून आली. मग पोहे आले. मग ढग.

"प्रकाश जरा येऊ दे," ऋजुताताई म्हणाल्या. "फक्त पाच मिनिटं."

मी ठाण्याच्या कडेला बसले होते आणि पायऱ्यांकडे बघत होते. आज दक्षिणेचा वारा होता, पाणी खाडीत रेटणारा. सगळ्यात खालची पायरी कोरडी होती. मी डोळे मिटून नामस्मरणाची एक माळ पुरी केली. डोळे उघडले तर ती पाण्यात होती. अजून नऊ वाजायचे होते. या वेळेला पाणी तिथे कधी नसतं.

मी उठले. मथुरेचा पदर ओढला आणि पायरी दाखवली. तिने बघितलं, तोंडातले पोहे तसेच ठेवून हसुभावोजींकडे गेली. "सरपंच, पानी चढतंय. काकी दाखवतेय."

हसुभावोजींनी बोटांवर परत पाऊणपट मोजली. "अजून लय टाइम हाय. दुसऱ्या पायरीपर्यंत काय घाई नाय."

मी हातानेच ऋजुताताईंना खुणावलं : पाणी. तिकडे. इकडे येतंय.

"तपन!" त्या दबक्या आवाजात ओरडल्या. "हात घे! काकूंचे हात घे!"

कॅमेरा माझ्या हातांवर आला. मी हात मागे लपवले. तो चेहऱ्यावर आला. मी मान वळवून खाडीकडे बघितलं, म्हणजे निदान त्या तरी तिकडे बघतील. त्यांनी कॅमेरा माझ्या डोळ्यांजवळ आणला. दुसरी पायरी अर्धी भिजली होती. मी ऋजुताताईंसमोर जाऊन हात जोडले, खाडीकडे बोट केलं, खांडीकडे केलं, भाताकडे केलं, परत हात जोडले. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते, खरेच भरले होते.

"कळतंय मला, काकू," त्या म्हणाल्या. "सगळं कळतंय."

त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं. दुसरी पायरी गेली. पाणी तिथे थांबलं नाही, देवीच्या पाया पडून माघारी फिरलं नाही. तिसरीवर चढलं. आणि खांडीच्या तोंडाशी चिखलावरून एक पातळ, चकचकीत जीभ आत सरकली. माझ्या भाताच्या पहिल्या ओळीपाशी गेली.

मी तोंड उघडलं.

"बांध गेला होऽऽऽ!"

तो आवाज माझा होता हे मला मथुरेने नंतर सांगितलं. केसाळ काठी धरणाऱ्या गृहस्थांनी कानावरची यंत्रं ओरबाडून फेकली आणि ते खालीच बसले. पिंपळावरचे बगळे उडाले. पोह्यांच्या बश्या बांधावर पडल्या. ही हाक ऐकली की पाणखारच्या माणसाला मग ऋजुताताई दिसत नाहीत, दिल्ली दिसत नाही, काही दिसत नाही. नव्या शर्टवाला पहिला उतरला. दोन ओळी लागल्या, चिखलाचे गोळे हातातून हातात पळायला लागले.

पण ओहोटीत चिखल बसवणं वेगळं आणि धावत्या पाण्यात वेगळं. टाकलेला गोळा विरघळून आत जाई. हसुभावोजींनी एकदा खांडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ते इस्त्रीच्या कपड्यांनिशी खांडीत उतरून पाण्याला पाठ लावून बसले. "माझ्या मागं टाका! माझ्या मागं!" त्यांच्याशेजारी आणखी दोघे बसले. तरी जागा उरली.

तपनदांनी कॅमेरा खांद्यावरून काढला. "दीदी, पकड़ो," म्हणाले, आणि तो ऋजुताताईंच्या हातांत देऊन त्यांनी उरलेल्या जागेत उडी टाकली. त्यांना पोहता येत नाही हे त्यांनी सगळं झाल्यावर सांगितलं.

ऋजुताताई कॅमेरा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांना तो चालवता येत नव्हता.

खांड बुजली. पण माझ्या शेतात तोवर आभाळ उतरलं होतं. सगळं सपाट पाणी, त्यात ढग, आणि वर फक्त भाताची टोकं. मी वाकून एक बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग ओंजळ केली, खाली सोडली. हसुभावोजी मानेपर्यंत चिखलाचे, माझ्याजवळ आले, बुडालेल्या भाताकडे बघितलं आणि तसेच गेले.

"काकी, मौन मोडला तुझा," मथुरा हलकेच म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दिवे लागायला अजून अख्खा दिवस होता.

पुढच्या वर्षी आषाढात चित्रपट घेऊन मंडळी परत आली. दाखवायला येऊ, असं म्हणाली होती आणि आली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. मधल्या काळात चित्रपटाला बक्षीस मिळालं होतं. हसुभावोजी दिल्लीला जाऊन शाल आणि मानपत्र घेऊन आले होते. ती शाल ते उकाड्यातही पांघरत. माझ्या शेतातला भात बसल्या जागी जळून गेला होता. जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशी यावी तसं मीठ फुललं होतं. सगळं शिवार लावणीला लागलं, माझा तुकडा रिकामा. असं शेत धुवावं लागतं. पावसाचं पाणी त्यात अडवायचं, चिखलणी करून ढवळायचं, ओहोटीला बांधातलं लाकडी दार उघडून सोडून द्यायचं, परत अडवायचं. पावसाळाभर. चार माणसांचं काम. हसुभावोजी दोन-तीनदा वाटेत भेटले. "बघतो वैनी, जरा सत्कारातून मोकला होऊ दे," म्हणाले. मी देवीला पाणी घालत होते, दुसरं काही बोलले नव्हते. लेकीने धाडलेल्या तांदळाचा भात देवाला दाखवत होते.

शाळेत पांढरी चादर लावली. गाव लोटलं. जो तो आपलं तोंड दिसलं की टाळ्या वाजवी. माझी तुळस दिसली, तिची चौथी आंघोळ. मग बांध आला, सोनेरी उन्हात, आणि एक भारदस्त आवाज म्हणाला, "समुद्र चढतो आहे. पण हे हात थकत नाहीत. पिढ्यान् पिढ्या हे हात समुद्राला थोपवत आले आहेत."

पडद्यावर हात होते. फावडी वर जात होती, खाली येत होती, चिखल उडत होता. पांढऱ्या कपड्यांतले हसुभावोजी सगळ्यांच्या पुढे.

शाळेत टाळ्या सुरू झाल्या, आणि मग एकेक करून थांबल्या. शेवटी बांध आमचा. कुठल्या बाजूने फावडं लागलं की काय होतं, हे पाणखारच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"अगं बया," अंधारात मथुरा म्हणाली, "हे तर फोडताहेत!"

कोणीतरी हसलं. मग सगळी शाळा हसली. पुढच्या रांगेत ऋजुताताई मागे वळून हसल्या, लोकांना आवडतंय म्हणून. खरी खांड बांधतानाचं एक चित्रही त्यांच्याजवळ नव्हतं. टिपणारा माणूस तर खांडीत बसला होता. त्यांना कुठे तरी ते टोचलं असावं, तपनदा या वेळी आले नव्हते. हसुभावोजी तेवढे हसले नाहीत. पडद्यावरचे हसुभावोजी माझ्या बांधावर घाव घालत राहिले आणि खाली बसलेले ते बघत राहिले. शाल त्यांनी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

शेवटी माझा चेहरा आला. पडदाभर. नुसते डोळे, खाडीकडे लागलेले. "तिच्याकडे आता शब्द उरलेले नाहीत," तो आवाज म्हणाला, आणि दिवे लागले.

मी ऋजुताताईंना हळूच विचारलं, "माझी हाक?"

"अहो, फार जबरदस्त होती ती काकू! मी खूप भांडले त्यासाठी." त्या खरंच हळहळल्या. "पण तुम्ही अगदी थेट कॅमेऱ्यात बघत होतात ना. मग नाही वापरता येत."

मग संवाद. परत गोल, परत लाल लोकर. या खेपेला त्यांनी गुंडा पहिल्यांदा माझ्याच हातात दिला. "काकू, तुम्ही सुरुवात करा. कसा वाटला चित्रपट?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. हसुभावोजी जमिनीकडे.

"चांगला आहे," मी म्हटलं. "सगळे ओळखू आले."

एवढंच म्हटलं. माझा आवाज लहान, पण त्या दिवशी तो सगळ्यांना ऐकू गेला. मग धागा बोटाला धरून मी गुंडा हसुभावोजींकडे टाकला.

त्यांनी तो झेलला. दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ऋजुताताई हसतमुखाने वाट बघत होत्या, कॅमेरा सुरू होता. हसुभावोजींना पूर्वज आठवले नाहीत. त्यांनी तो गुंडा कोणाकडे न टाकता खाली ठेवला आणि चपला शोधल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस लागला होता. मी डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली, कळशी कडेवर, बांधाची वाट धरली. मंडळी पाहुण्यांच्या खोल्यांत झोपलेली होती, कॅमेरे पेटाऱ्यांत. ओहोटी होती.

माझ्या शेताच्या कोपऱ्यावर एक माणूस लाकडी दाराशी वाकला होता. जुनी बंडी, गुडघ्यापर्यंत खोचलेला पंचा, शेजारी फावडं. त्याने दार उचललं. शेतात साचलेलं गढूळ पाणी सळसळत खाडीकडे निघालं. मग तो शेतात उतरला आणि पायांनी चिखल ढवळायला लागला, एका कडेपासून, सरळ ओळीत. दीड एकर होतं. आणि सगळा पावसाळा पुढे.

मी बांधावरून गेले तेव्हा हसुभावोजींना माझी चाहूल लागली. त्यांनी मान वर केली नाही. आपल्याला कोणी बघत नाही असं समजून काम करत राहिले.

मीही तिकडे बघितलं नाही. खारजाईला पाणी घातलं, आणि येताना दुसऱ्या वाटेने आले.